रोज एक अलंकार

कृष्णातराव जगदाळे यांनी पाटबंधारे खात्यात अख्खी हयात घालवली आणि त्या हयातीत त्यांच्या हातून एकही अलंकारिक वाक्य लिहिलं गेलं नाही. 'विषयांकित प्रकरणी सविनय सादर' याच्यापुढे त्यांची प्रतिभा कधी सरकली नाही. त्यातला 'सविनय' हा एवढाच काय तो दागिना, आणि तोही सरकारी. त्यामुळे उत्कर्षाने पुण्याहून फोन करून, "आजोबा, तुम्हाला अलंकार येतात का?" असं विचारलं, तेव्हा खरं उत्तर 'नाही' असंच होतं.

"अलंकार?" कृष्णातराव म्हणाले. "अगं, त्यात काय. कुठला पाहिजे?"

याला कारण होतं. नात दहावीत गेल्यापासून तिचा आवाज ऐकायला मिळणं म्हणजे कालव्याचं पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोचण्याइतकं दुर्मिळ झालं होतं. पूर्वी मे महिन्यात ती साताऱ्याला यायची, आजोबांबरोबर सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालायची आणि परत येताना दमले दमले म्हणून त्यांच्या दंडाला लोंबकळायची. यंदा सुट्टीत तिचा क्लास होता. रविवारी अमृत, म्हणजे कृष्णातरावांचा मुलगा, फोन करायचा, "बाबा, बीपीची गोळी घेतली का?" असं विचारायचा, आणि त्याच्या पाठीमागून ती हात हलवत स्वयंपाकघरातून खोलीत जायची. नातीचं एवढंच दर्शन. आणि आता ती आपण होऊन विचारत होती. इंग्रजी शाळेतली मुलगी, मराठीच्या पेपरला अलंकार, आणि क्लासच्या सरांनी तो भाग 'घरी करून घ्या' म्हणून सोडून दिलेला.

"रोज संध्याकाळी सातला फोन कर," ते म्हणाले. "रोज एक अलंकार. घाई करायची नाही. अलंकार सावकाश मुरतात."

फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि ते तडक राजवाड्याजवळच्या दुकानात जाऊन व्याकरणाचं पुस्तक घेऊन आले. साळूबाई, त्यांची बायको, औंधच्या बाजूची. चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली. नवरा पुस्तकाला कव्हर घालतोय हे बघून ती म्हणाली, "आवं, परीक्षा पोरीची हाय न्हवं?"

"शिकवणाऱ्याला जास्त अभ्यास लागतो," कृष्णातराव म्हणाले.

"व्हय, ते दिसतंयच," साळूबाई म्हणाली. हे वाक्य कशात मोडतं, ते शोधायला कृष्णातरावांनी दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं, पण तोवर त्यांचा धडा तिथपर्यंत गेलेला नव्हता.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. सात वाजायच्या आधीच ते इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे. उपमा शिकवताना त्यांनी उदाहरण दिलं, "साहेबांची सही म्हणजे उन्हाळ्यातल्या उरमोडी नदीसारखी, दिसते पण पोचत नाही." उत्कर्षा इतकी हसली की तिची आई पूजा खोलीत डोकावून गेली. चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते तो अलंकार, त्याला त्यांनी ऑफिसातलं कपाट घेतलं. ते कपाट हव्या त्या फायली गिळायचं आणि नको त्या ओकायचं. अनन्वय, म्हणजे ज्याची तुलना फक्त त्याच्याशीच होऊ शकते, त्याला त्यांनी खालच्या मजल्यावरचे शेजारी घेतले. गुंडा सुभेदारांसारखे गुंडा सुभेदारच.

मग एके दिवशी ती म्हणाली, "आजोबा, पुस्तकातली नकोत. शाळेतल्या मॅडमनी सांगितलंय, खरी माणसं बोलताना जे वापरतात ते आणा. त्याला वेगळे मार्क आहेत."

झालं. सरकारी माणसाला 'प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा' एवढं म्हटलं की तो डोंगर चढतो. कृष्णातराव मंडईत गेले. वांग्याच्या ढिगामागून एक बाई ओरडत होती, "वांगी न्हाईत ही, लोणी हाय लोणी." कृष्णातराव जागच्या जागी थांबले. समोर आहे ते नाकारायचं आणि ते दुसरंच आहे असं ठासून सांगायचं. पुस्तकातलं लक्षण तंतोतंत जुळत होतं.

"वा," ते बाईकडे बोट करून म्हणाले, "अपन्हुती."

बाईने तराजू खाली ठेवला. "काय म्हनला?"

"अपन्हुती. तुम्ही आत्ता केलीत ती."

"आवं म्हातारबा, आमी काय बी केलं न्हाई. सकाळपसनं हितंच बसलोय. शेजारनीला इचारा."

शेजारीण साक्षीला आली, तिच्या मागून कोथिंबीरवाला आला, आणि चांगल्या घरचा दिसणारा माणूस बायकांना काहीतरी संस्कृतातून शिव्या देतोय असं एकूण मत पडलं. कृष्णातराव खुलासा करू गेले. पण अपन्हुतीचा खुलासा उत्प्रेक्षा कळल्याशिवाय होत नाही, आणि उत्प्रेक्षा ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत मंडई नव्हती. शेवटी त्यांना नको असताना भरपूर वांगी घ्यावी लागली. ती लोण्यासारखी नव्हती. संध्याकाळी हा प्रसंग ऐकून उत्कर्षा म्हणाली, "आजोबा, तुम्ही भारी आहात." त्या एका वाक्यावर त्यांनी आठवडाभर वांगी खाल्ली.

प्रत्यक्ष पाहणीची आघाडी अशी बंद झाल्यावर त्यांनी लेखी मार्ग धरला. 'कृष्णाई परिवार' या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी आपल्या शुद्ध कार्यालयीन मराठीत निवेदन टाकलं: 'पुण्यातील नातीस मी रोज एक अलंकार देत आहे. माझ्याजवळील साठा संपत आला आहे. तरी ज्यांच्या घरी जुने, रोजच्या वापरातील अलंकार असतील त्यांनी ते संध्याकाळी पाचनंतर माझ्याकडे आणून द्यावेत. देणाऱ्याच्या नावासह नोंद ठेवली जाईल. कळावे.'

ग्रुपवर बराच वेळ शांतता पसरली. एरवी कुणाच्या वाढदिवसाला केकांची रांग लावणारा तो ग्रुप असा गप्प बघून कृष्णातरावांना वाटलं, लोक आठवतायत.

लोक आठवत नव्हते. गुंडा सुभेदार, सैन्यातून निवृत्त आणि सोसायटीचे सेक्रेटरी, यांनी निवेदन वाचलं, परत वाचलं, आणि शत्रू कुठल्या दिशेने आलाय हे ओळखलं. जगदाळ्यांचा फोन कुणीतरी ताब्यात घेतलाय आणि त्यावरून लोकांचं सोनं मागतोय. त्यांनी आधी सगळ्या मजल्यांवर जाऊन 'कुनी काय द्यायचं न्हाई, ऑर्डर हाय' असं सांगितलं आणि मग स्कूटर काढून ते पोलीस ठाण्यात गेले. पाच वाजता कृष्णातराव वही-पेन घेऊन तयार बसले असताना दारात शिवतेज नावाचा तरुण हवालदार उभा राहिला.

"आजोबा, घाबरू नका," तो म्हणाला. "ओटीपी कुणाला दिला का?"

"ओटीपी नाही. मी अलंकार देतो."

"कुणाला?"

"नातीला. रोज एक."

हवालदाराने साळूबाईकडे पाहिलं. साळूबाईच्या गळ्यात काळी पोत आणि तिला अडकवलेले दोन मणी. "आमच्याकडं काय बगू नगा," ती म्हणाली. "मला लग्नापसनं येक बी दिला न्हाई."

कृष्णातरावांनी घसा साफ केला. आयुष्यात प्रथमच राज्य शासनाच्या एका शाखेला ते व्याकरण समजावून सांगणार होते. "हे पाहा, अलंकार या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दागिना. दुसरा भाषेतला. दोन्ही एकाच शब्दातून निघतात, त्याला श्लेष म्हणतात. या सगळ्याला श्लेष जबाबदार आहे."

शिवतेज लिहीत होता. "शैलेश," तो म्हणाला. "पूर्ण नाव?"

तो गैरसमज मिटायला दोन कप चहा गेले. शेवटी जबाबात काय लिहायचं यावर अडलं, कारण गुन्हा नाही असं लिहायला आधी काय घडलं ते लिहावं लागत होतं. कृष्णातरावांनीच मसुदा करून दिला. तो वाचून शिवतेज म्हणाला, "आजोबा, तुमचं मराठी एकदम सरकारी आहे." इतक्या दिवसांच्या अलंकारांच्या सहवासानंतर हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं.

गोष्ट इथेही थांबली नाही. 'नातीला रोज एक दागिना' ही बातमी औंधजवळ राहणाऱ्या त्यांच्या बहिणीपर्यंत, हरणाबाईपर्यंत, दुसऱ्या दिवशीच पोचली. तिने फोनवर काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "दादा, मी बरी हाय. भाऊबीजंला येऊ का नगं, तेवडं सांग." तिची समजूत काढताना कृष्णातरावांना घाम फुटला.

पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती. पुस्तक संपत आलं होतं. दहावीला लागणारे अलंकार झाले, बारावीला लागणारेही त्यांनी 'पुढे उपयोगी पडतील' म्हणून उरकले. एका संध्याकाळी उत्कर्षा म्हणाली, "आजोबा, आता झाले ना सगळे?"

कृष्णातरावांनी गॅलरीतून खाली पाहिलं. खाली सुभेदार बागेला पाणी घालत होते. उद्या सात वाजता हे असंच दिसणार, परवाही.

"नाही," ते म्हणाले. "अजून आहेत. दुर्मिळ आहेत, पण आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'विलंबोक्ती' शिकवला. लक्षण त्यांनी पुस्तकी थाटात स्वतःच रचून ठेवलं होतं: निघतो निघतो म्हणत बोलणारा जेव्हा नवनवे विषय काढून जाणे लांबवतो, तेव्हा विलंबोक्ती हा अलंकार होतो. उदाहरण, 'बरं, येतो मग. ते तुमचं बोअर कसं चाललंय?' उत्कर्षाला तो फार आवडला. म्हणून त्याच्या पाठोपाठ 'आडोक्ती' आला. जेव्हा बोलणाऱ्याला एक विचारायचे असते आणि धीर न झाल्यामुळे तो दुसरेच विचारतो, तेव्हा आडोक्ती. उदाहरण द्यायला त्यांना विचार करावा लागला नाही. "समजा, कुणी विचारलं, पुण्यात पाऊस आहे का. त्याला पावसाचं काही पडलेलं नसतं."

"मग त्याला काय विचारायचं असतं?"

"ते परीक्षेला लागत नाही," कृष्णातराव म्हणाले.

लागलं. पूर्वपरीक्षेत प्रश्न आला, 'तुम्हाला आवडलेला एक अलंकार उदाहरणासह स्पष्ट करा,' आणि उत्कर्षाने पानभर आडोक्ती लिहिली. पावसासकट. मॅडमनी लाल शाईने गोल करून बाजूला लिहिलं, 'हा कोणता? संदर्भ द्या.' पूजाने फोन केला. ती फार मर्यादेने बोलायची, त्यामुळे जास्त लागायचं.

"बाबा, मॅडम विचारतायत, हा कुठल्या पुस्तकात आहे?"

"एका जुन्या ग्रंथात आहे," कृष्णातराव म्हणाले. "काढून देतो."

हे बोलणं झालं तेव्हा सुभेदार वर्गणीसाठी दारातच उभे होते. पोलीस प्रकरणानंतर ते जरा ओशाळले होते आणि काहीतरी भरपाई करायची संधी शोधत होते. "आवं साहेब, पुराव्याशिवाय केस टिकत न्हाई," ते म्हणाले. "कागद पायजे. मिरजंत आमच्या मेव्हण्याच्या घरामागं डुबल सर हायत. व्याकरनाचा लय मोटा मानूस. त्यांनी लिहून दिलं की हाय, म्हंजे हाय. ते सही करतील, तुमी वर शिक्का मारून घ्या."

"शिक्का कशाचा?"

"कशाचा बी. गोल पायजे."

म्हणून कृष्णातराव सकाळच्या पॅसेंजरने मिरजेला गेले. गाडीभर ते अर्जाचा मसुदा मनात घोळवत होते: 'विषय: नवीन अलंकारास मान्यता मिळणेबाबत.' डुबल सरांचं घर तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीपाशी होतं. शेजारच्या दुकानात तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले होते आणि आत कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. सर ऐंशीच्या पुढचे असावेत. एकटेच होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, लक्षण दोनदा म्हणायला लावलं, उदाहरण मागितलं, आणि पावसाचं उदाहरण ऐकल्यावर चष्मा काढून पुसला.

"जगदाळे," ते म्हणाले, "हा अलंकार नाही."

"लक्षणात काही दुरुस्ती केली तर?"

"अलंकार म्हणजे सजावट. मुळात सांगायचं ते सांगून वर शोभा आणलेली. तुमच्या माणसाने सांगायचं ते सांगितलेलंच नाही. ऐकणाऱ्याला कळलं तर कळलं. त्याला व्यंजना म्हणतात, ती शब्दाची शक्ती आहे. आणि ऐकणाऱ्याला नाहीच कळलं, तर तो नुसता हवामानाचा प्रश्न."

कृष्णातरावांनी अर्जाची घडी खिशात ठेवली. प्रकरण फेटाळलं गेलं होतं आणि निकालात त्रुटी काढायला जागा नव्हती. ते उठले. "बरं, येतो सर. अडीचची गाडी आहे."

"चहा घेऊन जा," सर म्हणाले. चहा झाल्यावर म्हणाले, "पोहे टाकू? मला येतात." पोहे झाल्यावर त्यांनी विचारलं, धोम धरणाचं काम सुरू होतं तेव्हा तुम्ही खात्यात होता का. मग, तंबोऱ्याचा भोपळा कसा वाळवतात पाहिलंय का, चला, इथेच आहे. अडीचची गाडी गेली. दुकानात उभे राहून सर सांगत होते की मुलगा बाहेरदेशी असतो, तिकडे बर्फ फार आहे, असं टीव्हीवर दाखवतात. संध्याकाळची गाडी मिळेपर्यंत कृष्णातराव भोपळ्यांविषयी एकेक प्रश्न विचारत राहिले, आणि सर एकेकाचं उत्तर सविस्तर देत राहिले.

कागद मिळाला नाही तो नाहीच. कृष्णातरावांनी पूजाला फोन करून 'तो ग्रंथ उपलब्ध होत नाही' असं कळवलं. पूजा म्हणाली, असू दे बाबा. मग म्हणाली, आता बोर्डापर्यंत रोजचा फोन नको करायला, रोज सराव पेपर आहेत, उत्कर्षाही दमते. यात तिचं काही चुकलं नव्हतं. कृष्णातराव म्हणाले, "बरोबर आहे. मी तेच सांगणार होतो."

संध्याकाळ झाली की शर्ट मात्र घातला जायचा. साळूबाई चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी ती भाजी निवडायला गॅलरीत येऊन बसली.

"त्या फोनकडं बगून त्यो वाजतोय व्हय?"

"मी बातम्या बघतोय."

"उलटा धरलाय."

कृष्णातरावांनी फोन सरळ केला. साळूबाई मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "मला बी कुनी इचारत न्हाई. पर मी तरी तुमाला बोलून दावते. तुमी येकदा सरळ सांगा की तिला. आटवन येती, ये म्हनावं. परीक्षा झाल्यावर ये. पर ये."

"असं एकदम कसं म्हणायचं?"

"तोंडानं," साळूबाई म्हणाली.

त्यांनी उठून आत जाऊन दार लावून घेतलं, कारण असलं काही बोलताना कुणी ऐकू नये असं त्यांना वाटलं. उत्कर्षाचा नंबर लावला. घंटा बराच वेळ वाजली. फोन उचलल्याचा आवाज आला आणि पलीकडून कुणी काही बोलायच्या आत कृष्णातरावांनी एका दमात सांगून टाकलं, नाहीतर ते पाऊस विचारून बसले असते.

"हे बघ, मला दुसरं काही काम नाही. मला तुझी फार आठवण येते. घर खायला उठतं. जमेल तेव्हा ये. एवढंच सांगायचं होतं."

"बाबा," अमृतचा आवाज आला. "मी बोलतोय. उत्कर्षाचा फोन चार्जिंगला आहे माझ्याजवळ."

आता काय करायचं हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तिला दे, असं म्हणता आलं असतं. बीपीची गोळी घेतली, असंही म्हणता आलं असतं. बाप-लेकांचं वर्षानुवर्षं त्यावरच चाललं होतं. अमृत बारावीनंतर शिकायला बाहेर पडला तो नोकरीला लागला, संसाराला लागला, आणि स्वारगेटहून एसटीत बसलं की घर येतं हे दोघांनाही माहीत असून कुणी कधी कुणाला ये म्हटलं नव्हतं. येणाऱ्याला काम असायचं, बोलावणाऱ्याला संकोच.

"तूच आहेस होय," कृष्णातराव म्हणाले. "मग तूच ऐक. तुलाच म्हणालो असं समज."

मग अमृत म्हणाला, "रविवारी येतो." आणि फोन बंद झाला.

रविवारी तो आला. एकटाच आला. उत्कर्षाचा सराव पेपर होता. तिने आजोबांसाठी चिक्की पाठवली होती आणि बोर्डाचे पेपर संपल्यावर पंधरा दिवस राहायला येणार असल्याचा निरोप. कृष्णातरावांनी निरोप पुन्हा एकदा सांगायला लावला. मग दोघे गॅलरीत बसले. अमृतने विचारलं, टाकीला गळती होती ती काढली का. काढली. गाडी कशी चालते. बरी चालते. साळूबाईने भाकरी, वांग्याचं कालवण आणि खर्डा वाढला. अमृत डॉक्टरांनी मना केलेलं सगळं जेवला आणि हात धुऊन, टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून, समोरच्या खोलीतल्या कॉटवर जरा टेकतो म्हणून टेकला.

तो झोपला. तोंड किंचित उघडं टाकून, एक हात कॉटवरून खाली सोडून. कपाळावरचे केस पार मागे सरकलेले, कानाजवळचे पांढरे. कृष्णातरावांनी खुर्ची उचलून, पाय न वाजवता, कॉटजवळ नेली. पंखा एका घराने कमी केला. पेपर उघडला, पण पानाचा आवाज होतो म्हणून परत मिटून मांडीवर ठेवला. उत्कर्षा इथे असती तर किती बोलली असती, असं त्यांच्या मनात आलं. ते तसंच राहू देऊन ते मुलाच्या लोंबणाऱ्या हाताकडे बघत बसले.

चारच्या सुमाराला गुंडा सुभेदार पाण्याच्या मोटारीची तक्रार घेऊन वर आले आणि परेडवरच्या आवाजात उंबऱ्यातूनच हाक मारली. कृष्णातराव लगबगीने दाराशी गेले, ओठावर बोट ठेवलं आणि त्यांना दंडाला धरून जिन्यात नेलं.

"हळू, सुभेदार," ते म्हणाले. "पोरगं झोपलंय."